हिरवी मस्टँग आणि तिचे कागद

१९७४ साली अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात राहणाऱ्या एका विमा अधिकाऱ्याने ‘रोड अँड ट्रॅक’ या मोटारविषयक मासिकातील छोट्या जाहिरातींत एक जाहिरात पाहिली. १९६८ सालची फोर्ड मस्टँग विकणे होती. गडद हिरव्या रंगाची ही गाडी ‘बुलिट’ या चित्रपटात प्रत्यक्ष वापरली गेली होती, असा जाहिरातदाराचा दावा होता. गाडी एका पोलीस गुप्तहेराच्या मालकीची होती. त्याने ती चित्रपट कंपनीतील एका कर्मचाऱ्याकडून घेतली होती. सौदा ६,००० डॉलरला ठरला. त्या वर्षी नवी कोरी मस्टँग याच्या जवळजवळ निम्म्या किमतीत मिळत होती. सहा वर्षे जुन्या गाडीला दुप्पट पैसे मोजणारा हा गृहस्थ शेजाऱ्यांना थोडा अव्यवहारीच वाटला असेल.

गाडी घरी आली आणि इतर कोणत्याही गाडीप्रमाणे कामाला लागली. गृहस्थाची पत्नी शिक्षिका होती. ती याच गाडीने शाळेत जाऊ लागली. डिसेंबर १९७७ मध्ये चित्रपटाचा नायक स्टीव्ह मॅक्वीन याचे पत्र आले. ही मस्टँग आपल्याला परत हवी आहे, किंमत फार नसेल तर आपण ती घेऊ आणि तिच्या बदल्यात दुसरी मस्टँगही शोधून देऊ, असा त्या पत्राचा आशय होता. कुटुंबाने गाडी दिली नाही. पत्र मात्र जपून ठेवले. १९८० मध्ये गाडीचा क्लच निकामी झाला, त्याच वर्षी मॅक्वीनचेही निधन झाले. गाडी गॅरेजमध्ये गेली आणि पुढे अनेक वर्षे रस्त्यावर आलीच नाही.

या गाडीची पुढची हकीकत समजायची तर आधी ज्या बाजारात ती मोडते तो बाजार समजून घ्यावा लागतो. व्यापार करणाऱ्या घरांना तो अगदीच अनोळखी वाटणार नाही. वस्तू बदलली तरी पारख, पत आणि पुरावा या तीन गोष्टी सर्व बाजारांत सारख्याच असतात.

अमेरिकेत ‘मसल कार’ म्हणतात ती मध्यम आकाराची, दोन दारांची, साध्या किमतीची गाडी; फरक एवढाच, की तिच्या बॉनेटखाली मोठ्या गाडीचे दांडगे इंजिन बसवलेले असते. या प्रकाराची सुरुवात बहुतेक जाणकार १९६४ च्या पॉन्टिअॅक जीटीओपासून धरतात. मध्यम गाडीत ३३० घनइंचांहून मोठे इंजिन बसवू नये, असा जनरल मोटर्सचा अंतर्गत नियम होता. पॉन्टिअॅकचे मुख्य अभियंते जॉन डीलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नियम मोडला नाही, त्याला वळसा घातला. नवी गाडी जाहीर न करता जुन्याच ‘टेम्पेस्ट’ गाडीवर सुमारे ३०० डॉलरचा ऐच्छिक संच म्हणून त्यांनी ३८९ घनइंचांचे, म्हणजे साधारण ६.४ लिटरचे इंजिन देऊ केले. पहिल्याच वर्षी ३२,४५० गाड्या खपल्या. मग शेव्हरलेची शेव्हेल, प्लायमाउथची रोडरनर आणि बाराकुडा, डॉजची चार्जर अशी रांगच लागली. मस्टँग आकाराने लहान म्हणून काटेकोर लोक तिला ‘पोनी कार’ म्हणतात, पण मोठ्या इंजिनाची मस्टँग बाजारात याच पंक्तीत बसते.

हा बहर दहा वर्षेही टिकला नाही. तरुण चालकांच्या अपघातांमुळे विम्याचे हप्ते इतके वाढले की पगारदार मुलाला गाडीपेक्षा विमाच जड होऊ लागला. १९७० च्या स्वच्छ हवा कायद्याने इंजिनांना लगाम घातला आणि १९७३ च्या तेलटंचाईने उरलेसुरले संपवले. त्यानंतरच्या काही वर्षांत या गाड्या जुन्या बाजारात कवडीमोलाने गेल्या. कितीतरी भंगारात गेल्या, कितीतरी पोरांनी झाडांवर आदळल्या. आज त्यांची किंमत आहे ती अंशतः त्या नाशामुळे.

आजचा खरेदीदार बहुधा साठी ओलांडलेला असतो. अठराव्या वर्षी जी गाडी घेता आली नाही ती त्याला आता हवी असते. मुले मार्गी लागलेली असतात आणि निवृत्तीची पुंजी हाताशी असते. विक्रेता हे पुरते ओळखून असतो. या बाजारात आठवणीचीही किंमत लावली जाते, आणि ग्राहक जितका हळवा तितकी ती अधिक. म्हणूनच अनुभवी मंडळी नवख्याला पहिला सल्ला देतात तो असा, की पहिल्या भेटीला चेकबुक घरी ठेवून जावे आणि गाडीवर प्रेम नसलेला एखादा मित्र बरोबर न्यावा.

शोध कोठे घ्यायचा? लिलाव आहेत, जुन्या गाड्यांचे खास दुकानदार आहेत, एकेका मॉडेलच्या मालकांच्या संघटना आहेत. सर्वांत मोठे आकर्षण मात्र ‘बार्न फाइंड’चे, म्हणजे शेतावरच्या कोठारात वर्षानुवर्षे धूळ खात पडलेल्या आणि अचानक सापडलेल्या गाडीचे. अशी गाडी कोणी बिघडवलेली नसते, म्हणून तिचा भाव वाढतो. अर्थात भाव वाढतो हे कळल्यावर साध्या गाडीवर धूळ टाकून तिला कोठारात नेऊन ठेवणारेही निघाले आहेत. त्या मानाने संघटनेतील वृद्ध सभासदाची, एकाच घरात राहिलेली, किरकोळ बिलांसकट जपलेली गाडी कंटाळवाणी वाटते. पण शहाणा ग्राहक तिच्याकडे आधी वळतो.

कागदांच्या आधी पत्रा पाहावा लागतो. ओहायो, मिशिगन अशा उत्तरेकडील राज्यांत हिवाळ्यात रस्त्यांवरील बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकतात. ते मीठ गाडीचे पोट आतून खाते. अॅरिझोनासारख्या कोरड्या प्रदेशातील गाडीचा रंग उन्हाने उडालेला असतो, आसने तडकलेली असतात, पण पत्रा शाबूत असतो. रंग आणि आसने पुन्हा करता येतात. गंजलेली चासी पुन्हा उभी करणे म्हणजे पाया खचलेल्या घराला वरून मजला चढवणे. मागच्या चाकांवरचा पत्रा, डिकीचा तळ आणि समोरच्या काचेखालील पन्हळ या नेहमी गंजणाऱ्या जागा. खरेदीदार खिशात एक लहानसे लोहचुंबक ठेवतो. जेथे ते चिकटत नाही तेथे रंगाखाली पत्रा नसून पुट्टी आहे, हे उघड होते. चकाकणारी नवी रंगवलेली गाडी म्हणूनच अधिक संशयाने पाहावी लागते. जुना, थोडा उडालेला मूळ रंग खोटे बोलत नाही.

येथवरची पारख कोणताही चांगला मिस्त्री करून देईल. खरा प्रश्न यापुढचा आहे: समोरची गाडी जी म्हणून विकली जात आहे तीच आहे का?

जीटीओ हा मुळात ऐच्छिक संच होता, हे वर आलेच आहे. त्यामुळे १९६४ आणि १९६५ च्या जीटीओच्या गाडी क्रमांकावरून ती जीटीओ आहे की साधी ‘ल मान्स’, हे कळतच नाही. १९६६ पासून जीटीओला स्वतंत्र मालिका मिळाली आणि क्रमांकाच्या आरंभी २४२ हे आकडे आले. १९६४ ची साधी गाडी घेऊन तिला जीटीओची नावाची पट्टी, जाळी आणि इंजिन लावले तर डोळ्यांना फरक दिसत नाही. अशा गाडीला ‘क्लोन’ म्हणतात. क्लोन बनवणे हा गुन्हा नव्हे. कित्येक जण हौसेने बनवतात आणि क्लोन म्हणूनच प्रामाणिकपणे विकतात. पण गाडी दोनतीन हातांतून फिरते आणि प्रत्येक हस्तांतरात जाहिरातीतला तो एक शब्द थोडा मागे सरकतो. चौथ्या विक्रीला तो नाहीसाच होतो. दागिन्यावरचा मुलामा कोणी एकाने चढवलेला असतो, पण तो सोने म्हणून विकणारा बहुधा दुसराच असतो.

याला उत्तर कारखान्याच्या दप्तरात आहे. पॉन्टिअॅकच्या मूळ बीजकांच्या सूक्ष्मपटावरील नोंदी जतन झाल्या आहेत आणि ‘पॉन्टिअॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेस’कडून गाडी क्रमांकावरून तिच्या बीजकाची प्रत मिळते. त्यात प्रत्येक ऐच्छिक वस्तू आणि तिची रक्कम असते. जीटीओ असेल तर तेथे असेलच. फोर्डच्या बाबतीत १९६७ पासूनच्या उत्पादनाच्या नोंदी ‘मार्टी ऑटो वर्क्स’ या संस्थेकडे आहेत. गाडी कोणत्या दिवशी बांधली, कोणत्या रंगाची होती, कोणत्या विक्रेत्याकडे गेली, हे सारे त्यांच्या अहवालात येते. हा अहवाल काही डॉलरांत मिळतो. हजारो डॉलरचा सौदा करणारा माणूस तेवढा खर्च वाचवतो, हे वाचायला विचित्र वाटते. पण बँकेतून लाखोंचे कर्ज घेताना सात-बाराचा उतारा नीट न वाचणारी माणसेही कमी नसतात.

क्रायस्लर कंपनीच्या गाड्यांत क्रमांकच बोलतो. १९७० किंवा १९७१ च्या प्लायमाउथ बाराकुडाच्या क्रमांकातील पाचवे अक्षर ‘आर’ असेल तर तिच्यात कारखान्यातच ४२६ घनइंचांचे विख्यात ‘हेमी’ इंजिन बसले होते. दुसरे कोणतेही अक्षर असेल तर आज बॉनेटखाली हेमी दिसले तरी ती हेमी गाडी नव्हे. या एका अक्षराची किंमत किती? उघड्या टपाच्या हेमी कुडा १९७० मध्ये फक्त १४ बनल्या, १९७१ मध्ये त्याहूनही कमी. त्या १९७१ च्या गाड्यांपैकी एक २०१४ मध्ये सिॲटलच्या लिलावात ३५ लाख डॉलरला गेली. प्लायमाउथ हे नाव महाराष्ट्रालाही परके नाही. सोलापूरच्या जैन व्यापारी घराण्यातील शेठ वालचंद हिराचंद यांनी याच क्रायस्लर कंपनीशी करार केला आणि त्यांच्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून स्वातंत्र्याच्या वर्षापासून डॉज आणि प्लायमाउथ गाड्या बाहेर पडू लागल्या. हेमीचा जमाना यायला मात्र तेव्हा बराच अवकाश होता.

सर्वांत अवघड शेव्हरले. १९६९ पासून शेव्हेलचे ‘एसएस’ हे रूप ऐच्छिक संच झाले, त्यामुळे क्रमांकावरून ते कळत नाही. आणि अमेरिकेत विकलेल्या गाड्यांच्या कारखान्यातील नोंदी बहुतांशी उपलब्ध नाहीत. उरतो तो ‘बिल्ड शीट’ नावाचा कागद. जुळणी करणाऱ्या कामगारांना या गाडीत काय बसवायचे हे सांगणारा तो तक्ता. काम झाल्यावर कामगारांनी तो पेट्रोलच्या टाकीवर किंवा आसनाच्या स्प्रिंगांत तसाच सोडून दिला. पन्नास वर्षांनी उंदरांनी कुरतडलेला तो तुकडा सापडला तर गाडीची किंमत एका दिवसात कितीतरी वाढते. फेकून द्यायच्या कागदाला असे भाग्य क्वचितच लाभते.

कागद नसेल तर इंजिन वाचावे लागते. १९६८ पासून या गाड्यांच्या इंजिनावर गाडी क्रमांकाचा काही भाग ठोकलेला असतो. तो जुळला तर गाडी ‘मॅचिंग नंबर्स’ ठरते. जेथे जुळण्याला किंमत आहे तेथे जुळवून देणारेही असतात. जुना आकडा घासून नवा ठोकायचा. पण कारखान्यात त्या सपाटीवर यंत्राने सरळ, बारीक रेघा उठलेल्या असतात. आकडा घासताना त्या रेघाही जातात आणि परत आणणे सोपे नसते. याशिवाय इंजिनाच्या ओतीव लोखंडावर ओतण्याची तारीख असते. शेव्हरलेत महिन्यासाठी अक्षर वापरत: ‘ए’ म्हणजे जानेवारी, ‘सी’ म्हणजे मार्च. गाडी फेब्रुवारीत बांधलेली आणि तिचे ‘मूळ’ इंजिन मार्चमध्ये ओतलेले असेल, तर विक्रेत्याची गोष्ट कितीही गोड असली तरी तेथेच थांबावे.

क्रमांकाचे महत्त्व सांगणारी सर्वांत बोलकी हकीकत ‘बुलिट’च्याच दुसऱ्या गाडीची आहे. चित्रपटासाठी दोन मस्टँग घेतल्या होत्या, लागोपाठच्या क्रमांकांच्या. न्यू जर्सीच्या कुटुंबाकडची गाडी ८-आर-०२-एस-१२५५५९. त्यातील ८ म्हणजे १९६८, आर म्हणजे कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथील कारखाना, ०२ म्हणजे उतरत्या टपाचा साचा, एस म्हणजे ३९० घनइंचांचे इंजिन आणि पुढे अनुक्रमांक. दुसरी, कसरतींसाठी वापरलेली गाडी १२५५५८. ती कित्येक वर्षे बेपत्ता होती. ती मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियात भंगारात सापडली, गंजलेली, रंग बदललेली. ज्यांनी ती घेतली ते तिला दुसऱ्याच एका चित्रपटातील मस्टँगची नक्कल म्हणून सजवणार होते. खऱ्याची खोटी होता होता ती वाचली, ती केवळ कोणीतरी तिचा क्रमांक ताडून पाहिला म्हणून.

गाडी खरी ठरली तरी एक काम उरतेच, आणि उत्साहाच्या भरात नेमके तेच राहून जाते. अमेरिकेत राज्य सरकार गाडीच्या मालकीचा दाखला देते. विक्रेत्याचे नाव आणि दाखल्यावरचे नाव एकच आहे का, दाखल्यावर एखाद्या बँकेचा बोजा आहे का, अपघातात पूर्ण नुकसान झालेली गाडी म्हणून शेरा आहे का, आणि दाखल्यावरचा क्रमांक समोरच्या काचेपाशी किंवा दारावर लावलेल्या पट्टीशी अक्षरन् अक्षर जुळतो का, हे पैसे देण्यापूर्वी पाहायचे असते. बोजा फेडल्याचे पत्र हाती येईपर्यंत ‘नंतर पाठवतो’ या शब्दांवर विसंबू नये. दूरच्या राज्यातील गाडी असेल तर तेथल्या स्वतंत्र तज्ज्ञाला पैसे देऊन तपासणी करवून घेतात. त्या तज्ज्ञाचे नाव विक्रेत्याने सुचवलेले नसावे.

लिलावातील ग्राहकाला तर विचाराला मिनिटेच मिळतात. दिवे, ध्वनिक्षेपक, टाळ्या, शेजारी आपल्याहून श्रीमंत दिसणारा माणूस: हे वातावरण काही योगायोगाने तयार होत नाही. शिवाय हातोडा पडल्यावर त्या रकमेवर लिलावगृहाचा आकार द्यावा लागतो, बहुधा दहा टक्के. बोलीची मर्यादा हा आकार धरून आदल्या रात्री कागदावर लिहून ठेवणारेच तेथून समाधानाने परततात.

आणि किमती नेहमी वरच जातात, असेही नाही. २००६ च्या सुमारास हा बाजार तापला होता; हेमी कुडा २० लाख डॉलरच्या वर जाऊ लागल्या. घरे गहाण टाकून आलेला पैसाही त्या काळी अशा खरेदीत उतरला. २००८ ची मंदी आली आणि अशाच गाड्यांचे भाव कोसळले. ज्यांनी हौसेने घेतली होती ते चालवत राहिले. ज्यांनी उसनवारीवर नफ्यासाठी घेतली होती त्यांना मिळेल त्या किमतीत विकावी लागली.

भारतात अशी गाडी आणू पाहणाऱ्याला आयातशुल्काचा भार मोठा आहे, आणि डाव्या बाजूचे सुकाणू आहेच. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना स्वतंत्र नोंदणी मिळाली. त्यांच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे असतात आणि नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे. पण अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही. प्रदर्शने, फेऱ्या आणि देखभालीपुरतीच ती रस्त्यावर आणता येते.

हिरव्या मस्टँगच्या कुटुंबाने मधल्या काळात गाव बदलले, राज्य बदलले. गाडी बरोबर गेली. ती कोणती आहे हे बाहेर फारसे कोणाला सांगितले नाही. वडील आणि मुलगा मिळून ती दुरुस्त करणार होते, पण वडिलांना कंपवाताने गाठले आणि २०१४ मध्ये ते वारले. मुलाने गाडी चालती केली, मात्र नवीकोरी केली नाही. रंग जुनाच राहू दिला. चित्रीकरणात कॅमेरा बसवण्यासाठी खाली जोडलेले लोखंडी आधारही तसेच ठेवले. इतर कोणत्याही गाडीत जे दोष ठरले असते तेच येथे पुरावे होते. मार्टी यांनी कागद आणि गाडी ताडून ती खरी ठरवली. जानेवारी २०१८ मध्ये डेट्रॉइटच्या मोटार प्रदर्शनात फोर्ड कंपनीने ती जगासमोर आणली आणि अमेरिकेच्या ऐतिहासिक वाहनांच्या राष्ट्रीय नोंदवहीत तिचा समावेश झाला.

१० जानेवारी २०२० रोजी फ्लोरिडातील किसिमी येथे मेकम कंपनीच्या लिलावात ती उभी राहिली. हातोडा ३४ लाख डॉलरवर पडला. आकार धरून ग्राहकाने ३७ लाख ४० हजार डॉलर दिले, म्हणजे त्या वेळच्या दराने २६ कोटी रुपयांच्या वर. ६,००० डॉलरवर पंचेचाळीस वर्षांचा हा वाढावा चक्रवाढीने वर्षाला सुमारे पंधरा टक्के पडतो. त्यात गॅरेज, विमा आणि डागडुजी धरलेली नाही. त्याच कारखान्यातली, त्याच इंजिनाची, त्याच हिरव्या रंगाची दुसरी १९६८ ची मस्टँग चांगल्या अवस्थेत लाख डॉलरच्या आसपास किंवा त्याहूनही कमीत मिळते. पत्रा तोच, इंजिन तेच.

लिलावात नव्या मालकाचे नाव जाहीर झाले नाही. गाडीबरोबर १९७७ चे मॅक्वीनचे ते पत्रही त्याच्याकडे गेले.